स्कारबरोतलं दीडमजली घर आणि माळ्यावरची बाळंतीण

कॅनडातल्या टोरांटोच्या पूर्व भागात, स्कारबरोत, दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली दीडमजली घरं गल्लोगल्ली दिसतात. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि एखादी खोली. वर उतरत्या छपराच्या पोटात बसवलेल्या झोपायच्या खोल्या. छप्पर जिथे फार खाली उतरतं तिथे या खोल्यांच्या बाजूच्या भिंती कमरेच्या उंचीवर संपतात आणि त्यांच्यामागे वळचणीपर्यंत एक तिरकी, अंधारी पोकळी उरते. तिथे जायला छोटं दार असतं, पण बहुतेक घरांत त्याच्यापुढे कपाट किंवा पलंग लावलेला असतो. घर घेतल्यापासून त्या दारामागे कुणी डोकावलेलं नसतं. रॅकूनला, म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेल्या इथल्या निशाचर प्राण्याला, अशी जागा फार मानवते. कोरडी, उबदार, मऊ आणि माणसाचा वावर नसलेली.

मी घरांची तपासणी करण्याचं काम करते. दर वसंतात ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून एक तरी फोन येतो, "ताई, माळ्यावर काहीतरी आहे, कुणाला बोलावू?" हे एकच प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण अशा वेळी जे जे घडू शकतं त्यातलं बरंचसं या घरात घडलं. मला सांगायचं आहे ते एवढंच: मार्च ते जुलै या काळात माळ्यावर रॅकून असेल तर ती बहुधा बाळंतीण असते. तेव्हा आधी पिल्लांचा विचार, मग आईचा, आणि भोक बुजवायचं ते सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की घरही बिघडतं आणि जीवही जातात.

आवाज

कुटुंब असं: नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, सात महिन्यांची मुलगी, आणि नातीसाठी चिपळूणजवळच्या गावाहून आलेल्या काकू, म्हणजे नवऱ्याची आई. आवाज पहिल्यांदा ऐकला तो काकूंनीच. भारतातलं घड्याळ अजून अंगातून गेलं नव्हतं, त्यात नात रात्री उठायची. तिला खांद्यावर घेऊन त्या वरच्या खोलीत फेऱ्या मारत आणि भिंतीपलीकडे कुणीतरी चालत असे.

"अरे, वर काहीतरी हिंडतंय. जड आहे," त्या मुलाला म्हणाल्या.

"खार असेल, आई. इथे खारी फार."

"खारीचं पाऊल असं पडतं होय? आपल्या माळ्यावर उदमांजर यायचं ना, ते असंच दमानं चालायचं."

इथे उदमांजरं नाहीत हे मुलाचं म्हणणं खरं होतं. पण काकूंचा कान त्याच्यापेक्षा तयार होता. उदमांजर आणि रॅकून ही जवळची नाती नव्हेत, तरी दोघंही निशाचर, चढण्यात पटाईत, मिळेल ते खाणारी आणि माणसाच्या छपराखाली बिनधास्त बाळंत होणारी. कोकणात कौलं सरकवून जे होतं तेच इथे ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून होतं.

माळ्यावर कोण आहे हे ठरवायला मी कॅमेऱ्याआधी वेळ विचारते. करडी खार दिवसाची. पहाटे आणि दुपारी तुरुतुरु धावते, अक्रोड घरंगळत नेल्यासारखा आवाज येतो. उंदीर भिंतीच्या आत खुडखुडतो. वटवाघळं जवळजवळ गप्प असतात, तिन्हीसांजेला थोडी खसखस ऐकू येते तेवढीच. रॅकून अंधार पडल्यावर अर्ध्या-एक तासात उठते, पाच ते दहा किलोचं अंग घेऊन सावकाश चालते, आणि पहाटे परत येते तेव्हा छताचं प्लायवूड दबल्याचा आवाज येतो. काकूंनी सांगितलेल्या वेळा तंतोतंत अशाच होत्या.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आवाज बदलला. चालण्याबरोबर बारीक चिवचिवाट यायला लागला, मधूनच किरकिर. घरातल्यांना वाटलं, पक्ष्यानं घरटं केलंय. मला फोन आला तो या टप्प्यावर, आणि "चिवचिवाट रात्री दोन वाजता येतो का?" एवढंच मी विचारलं. हो म्हणाले. पक्ष्यांची पिल्लं रात्री दोनला ओरडत नाहीत. रॅकूनचा समागम साधारण जानेवारी ते मार्च, गर्भ ६३ दिवसांचा, म्हणजे आमच्या ओंटारिओ प्रांताच्या दक्षिण भागात बहुतेक पिल्लं एप्रिल-मे महिन्यांत जन्मतात. एका वेताला बहुधा तीन ते पाच. साधारण तीन आठवडे डोळे मिटलेले असतात. माळ्यावर तोंडानं आवाज करणारी पण पाय नसल्यासारखी एका जागी पडलेली ती चिवचिव म्हणजे हीच.

भोक

जमिनीवरून दुर्बिणीनं पाहिलं आणि लगेच सापडलं, कारण ते असतं तिथेच होतं. घराच्या मागच्या बाजूला नंतर कधीतरी स्वयंपाकघर वाढवलेलं होतं. त्या वाढीव भागाचं उतरतं छप्पर मुख्य घराच्या वळचणीखाली जाऊन भिडत होतं. वळचणीच्या खालच्या अंगाला ॲल्युमिनियमच्या पातळ, भोकाभोकांच्या पट्ट्या असतात. त्यांना इथे सॉफिट म्हणतात. या पट्ट्या खाचेत सरकवून बसवलेल्या असतात, बास. त्यांच्या वर लाकूड असेलच असं नाही. या घरात नव्हतं.

रॅकूनच्या दृष्टीनं पाहा. पावसाच्या पन्हाळीच्या नळीवरून खालच्या छपरावर चढायचं, तिथे निवांत मागच्या पायांवर बसायचं, डोक्यावर सॉफिटची पट्टी, आणि पुढचे दोन पाय म्हणजे जवळजवळ हातच. या पंजांची स्पर्शाची जाण विलक्षण असते, मेंदूच्या स्पर्श ओळखणाऱ्या भागातला मोठा वाटा त्यांच्यासाठी राखलेला असतो. ती बोटं पट्टीच्या कडेवरून फिरतात, जिथे पट्टी हलते तिथे थांबतात आणि वर ढकलतात. पट्टी वाकते. इथे ती तळहाताएवढी वाकली होती. माणसाला वाटतं, एवढ्यातून मांजरही जाणार नाही. पण डोकं गेलं की रॅकून जाते, आणि साधारण चार इंचांच्या फटीतून तिचं डोकं जातं.

शिडीवरून जवळून पाहिल्यावर बाकीचा पुरावा होता. पट्टीच्या कडेला तेलकट काळपट डाग, रोजच्या ये-जा करण्यानं अंगाचा चिकटा लागून झालेला. कडेच्या टोकाला अडकलेले करडे, टोकाशी काळे केस. पन्हाळीच्या नळीवर चिखलाचे पाच बोटांचे ठसे, लहान मुलानं हात टेकवावेत तसे.

ज्या घरात नक्की आत कुणी आहे की भोक जुनं आहे हा संभ्रम असतो, तिथे मी भोकात वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा सैल बसवायला सांगते. दोन-तीन रात्री बोळा जागचा हलला नाही तर जागा रिकामी असण्याची शक्यता मोठी. कडाक्याच्या थंडीत मात्र जास्त थांबावं लागतं, कारण रॅकून खरी शीतनिद्रा घेत नसली तरी थंडीच्या लाटेत दिवसच्या दिवस बाहेर पडत नाही. इथे बोळ्याची गरज नव्हती, पिल्लांनीच सांगितलं होतं.

सापळेवाला

मी पोचायच्या आधी घरच्यांनी इंटरनेटवरून एकाला बोलावलं होतं. तो स्वस्तात करून देणार होता. छपरावर पिंजरा लावतो, सापडली की गाडीत घालून लांब उत्तरेला जंगलात सोडतो, त्याच दिवशी पत्रा ठोकून भोक बंद. पिल्लांचं काय, यावर तो म्हणाला होता की ती आपोआप जातील.

ती जात नाहीत. आई गेली की डोळे न उघडलेली पिल्लं भुकेनं ओरडत ओरडत तीन-चार दिवसांत मरतात आणि मग वास, माश्या, डाग हे सगळं मुलीच्या पाळण्याशेजारच्या भिंतीत. आणि आई आत नसताना भोक बंद केलं तर ती गप्प बसत नाही. पिल्लं आत आणि आपण बाहेर, या अवस्थेतली मादी शिंगल्स, म्हणजे छपरावरचं डांबरी आवरण, आणि खालची फळी फाडून नवं भोक पाडते. एका रात्रीत एवढं छप्पर कसं फाटलं असं लोक विचारतात तेव्हा उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

शिवाय त्याचं ते लांब जंगलात सोडणं बेकायदा आहे. ओंटारिओच्या १९९७ च्या फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ॲक्टनुसार घरमालकाला नुकसान करणारा प्राणी पकडता येतो, पण पकडल्यापासून २४ तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आत तो सोडावा लागतो. त्याला विनाकारण यातना देणं हाही गुन्हा. हा नियम नुसता भूतदयेपोटी केलेला नाही. रॅकूनमधला रेबीज ओंटारिओत १९९९ मध्ये पूर्व सीमेकडून शिरला आणि मोठ्या मेहनतीनं २००५ पर्यंत आटोक्यात आणला गेला. डिसेंबर २०१५ मध्ये तो हॅमिल्टनला पुन्हा सापडला, टोरांटोपासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. तो विषाणू न्यूयॉर्क राज्यातल्या प्रकाराशी जुळणारा निघाला; एखादा आजारी प्राणी वाहनातून आला असावा. तेव्हापासून लशीची आमिषं विमानातून, हेलिकॉप्टरमधून आणि हातानं टाकण्याचं काम सुरू झालं. गाडीत घालून नेलेला एक प्राणी किती महागात पडतो हे या प्रांतानं पाहिलेलं आहे. नेलेल्या प्राण्याचंही भलं होत नाही. परका मुलूख, ठाऊक नसलेली बिळं, आधीच ठाण मांडून बसलेले दुसरे. त्यांतले पुष्कळ तगत नाहीत.

आणि समजा हे सगळं नीट पार पडलं, तरी भोक पाडायला सोपं असलेलं घर तिथेच राहतं. टोरांटोत पुढची मादी आठवड्याभरात येते.

सुनेनं मला विचारलं, "ताई, ही दिवसाढवळ्या अंगणात दिसली परवा. म्हणजे पिसाळलेली तर नसेल?" हा प्रश्न बरोबर आहे आणि भारतातून आलेल्या माणसाच्या मनात तो यायलाच हवा. पण दूध पाजणारी मादी भुकेली असते, ती दिवसाही खाणं शोधते. नुसतं दिवसा दिसणं ही आजाराची खूण नव्हे. झोकांड्या खाणं, सुस्त होऊन माणूस जवळ आला तरी न हलणं, फेफरं येणं अशी लक्षणं असतील तर जवळ न जाता ३११ ला, म्हणजे महापालिकेच्या मदत क्रमांकावर, फोन करायचा. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन थेट डॉक्टरकडे. डिस्टेंपर या आजारातही अशीच लक्षणं दिसतात आणि रॅकूनमध्ये तो बराच आढळतो. पण बाहेरून पाहून दोन्हींतला फरक आपल्याला करता येत नाही, म्हणून करूही नये.

पाळणा खाली

सगळ्यात आधी मुलीचा पाळणा खालच्या खोलीत हलवला. याचं कारण रॅकून भिंत फोडून येईल हे नव्हतं. रॅकून ठरावीक जागीच शी करते, दिवसेंदिवस त्याच ठिकाणी ढीग साठतो, आणि तो ढीग या घरात पाळण्याच्या भिंतीपलीकडे होता. रॅकूनच्या आतड्यात बेलिसॅस्करिस नावाचा गोल कृमी असू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, दोन ते चार आठवड्यांत संसर्ग करण्याइतकी पक्व होतात आणि मातीत वा धुळीत वर्षानुवर्षं टिकतात. माणसाला हा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर अळ्या डोळ्यांत, मेंदूत जाऊ शकतात. धोका सगळ्यात जास्त कुणाला, तर हाताला लागेल ते तोंडात घालणाऱ्या मुलांना. सात महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली मुलगी घरात असताना "राहू दे काही महिने" हा सल्ला मी जसाच्या तसा देऊ शकत नव्हते. एरवी देते. लहान मूल नसलेल्या घरात, विष्ठा राहत्या खोलीपासून लांब असेल तर जून-जुलैपर्यंत थांबावं. आठ-दहा आठवड्यांची पिल्लं आईमागे आपल्या पायांनी बाहेर पडायला लागतात आणि काम सोपं होतं.

पोकळीच्या छोट्या दाराच्या फटी टेपनं बंद केल्या. आत पाहणं कॅमेऱ्यानं. १९९० पूर्वीच्या घरात आणखी एक गोष्ट मी पाहतेच: इन्शुलेशनमध्ये, म्हणजे माळ्यावरच्या ऊब राखणाऱ्या थरात, चमचमणारे करडे-तपकिरी खडे आहेत का. ते व्हर्मिक्युलाइट असतं, आणि अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या मालात ॲस्बेस्टॉस, हे फुप्फुसांना घातक खनिज, मिसळलेलं असे. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल हजारो माळ्यांवर अजून आहे. तसे खडे दिसले तर दार लावून घ्यायचं आणि आधी प्रयोगशाळेचा अहवाल. या घरात साधी गुलाबी फायबरग्लास होती.

मग पहिला उपाय, त्रास देण्याचा. मादीला आपली जागा सुरक्षित वाटेनाशी झाली की ती स्वतःच पिल्लं उचलून दुसऱ्या बिळात नेते. तिला आसपासची अशी अनेक ठिकाणं माहीत असतात. पोकळीत प्रखर दिवा लावला, सतत माणसांच्या गप्पा चालणारं रेडिओ स्टेशन लावलं. गाण्यांपेक्षा बोलण्याचा उपयोग जास्त होतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चिंध्या ठेवल्या. अमोनिया वापरू दिला नाही. बंद जागेत त्याच्या वाफा पिल्लांच्या फुप्फुसांना पोळतात, आणि खालच्या खोलीतल्या माणसांनाही. मॉथबॉलचंही तेच.

काही रात्री थांबलो. मादीनं पिल्लं हलवली खरी, पण घराबाहेर नाही. पोकळीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे छप्पर आणि जमीन मिळून हात घालायलाही जागा उरत नाही, त्या कोपऱ्यात. तिथे दिवा पोचत नव्हता. हेही पुष्कळदा होतं. अशा वेळी आवाज वाढवत बसण्यात अर्थ नाही. हाताचं काम जाणणारा माणूस बोलवावा लागतो.

दोन रात्री

वन्यप्राणी सोडवण्याचं काम करणाऱ्या ज्या तंत्रज्ञाला बोलावलं, त्याचा दर सापळेवाल्याच्या दुपटीहून जास्त होता. मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं की हे पैसे द्यावेत. कुणाला बोलवायचं हे ठरवताना मी तीन प्रश्न विचारायला सांगते: पिल्लं हातानं काढता का, प्राणी कुठे सोडता, आणि बंद केलेल्या जागेची हमी किती वर्षांची. पहिल्याच प्रश्नाला जो चाचरतो त्याला नमस्कार करावा.

दुपारी, मादी कोपऱ्यापासून बाजूला सरकल्यावर, जाड हातमोजे, श्वसनयंत्राचा मुखवटा आणि पूर्ण अंगाचा पोशाख घालून तो आत सरपटत गेला. एकेक पिल्लू मानेमागून धरून कापडी पिशवीत. चार होती. मूठभर आकाराची, डोळ्यांभोवतीचा काळा पट्टा उमटलेला, डोळे जेमतेम किलकिले. मादीनं गुरगुर केली, दोन पावलं पुढे आली, पण हल्ला केला नाही. काकू खालून म्हणत होत्या, "हळू घ्या हो, हळू घ्या."

पिल्लं एका जाड भिंतींच्या पेटीत ठेवली, तळाशी गरम राहणारी उशी, वर दार असं की आईनं ढकललं तर उघडेल. पेटी छपरावर, भोकाच्या अगदी जवळ पक्की बांधली. भोकावर एकाच दिशेनं उघडणारं जाळीचं दार बसवलं. आतून बाहेर येता येतं, बाहेरून आत जाता येत नाही. पेटीत पिल्लं का ठेवायची? कारण आईचा माग वास आणि आवाज यांचा. ती बाहेर पडली की पहिल्यांदा पिल्लं शोधते, ती हाताशी सापडली की घर फोडायचं कारणच उरत नाही.

रात्र थंडीची होती. साडेनवाच्या सुमारास ती बाहेर आली. जाळीच्या दाराशी वळली, दोनदा ओढून पाहिलं, मग पेटीकडे गेली. मागच्या अंगणात दिवे बंद करून आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. तिनं पेटीचं दार डोक्यानं उचललं, पहिलं पिल्लू मानेला धरून बाहेर काढलं, पन्हाळीच्या नळीवरून उलटी, डोकं खाली करून उतरली. रॅकूनचे मागचे पाय घोट्यातून मागे वळतात, म्हणून तिला हे जमतं. कुंपणावरून ती अंधारात गेली. बऱ्याच वेळानं परत आली, दुसरं नेलं. मग तिसरं.

सकाळी पेटीत एक उरलं होतं. सून रडवेली झाली, तिला वाटलं आईनं टाकून दिलं. पण बहुधा उजाडलं म्हणून ती थांबली होती. पहाटेनंतर उघड्यावर पिल्लू घेऊन चालणं तिला धोक्याचं वाटतं. तंत्रज्ञानं येऊन गरम उशी बदलली, पेटी होती तिथेच ठेवली. खायला काही घालायचं नाही, घरात आणायचं नाही, अशी ताकीद मी दिली. गाईचं दूध तर मुळीच नाही. त्यानं अशी पिल्लं आजारी पडतात. दुसऱ्या रात्रीही आई आली नसती तर टोरांटो वाइल्डलाइफ सेंटरला फोन करायचं ठरलं होतं. १९९३ पासून ही संस्था आजारी आणि अनाथ वन्यप्राण्यांचं काम करते. फोनची वेळ आली नाही. अंधार पडताच ती आली, सरळ पेटीपाशी गेली आणि चौथं घेऊन उतरली.

नंतरचं काम

यानंतरही जाळीचं दार काही दिवस तसंच ठेवलं, आत आणखी कुणी राहिलेलं नाही याची खात्री होईपर्यंत. मग सफाई. त्या बाजूची सगळी फायबरग्लास काढावी लागली. कोरडी झाडलोट अजिबात नाही; पाण्याची बारीक फवारणी करून, धूळ न उडवता, जाड पिशव्यांत भरून. ब्लीचनं ही अंडी मरत नाहीत, हे लोकांना खरं वाटत नाही. ती मरतात उष्णतेनं, म्हणून लाकडावर वाफ मारली. वापरलेली भांडी-फडकी उकळत्या पाण्यातून काढली किंवा फेकली.

आत गेल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. न्हाणीघराच्या पंख्याची लवचिक नळी मादीनं फाडून तिची रूपेरी साल बिछान्यात घातली होती. म्हणजे कित्येक आठवडे आंघोळीची वाफ छपराबाहेर न जाता माळ्यावर सोडली जात होती. छताच्या फळ्यांवर काळ्या बुरशीचे ठिपके उठले होते. मार्चमध्ये न्हाणीघराच्या छताला ओलीचा डाग दिसला म्हणून घरच्यांनी छप्पर गळतंय असं समजून शिंगल्स दुरुस्त करून घेतले होते. डाग तसाच राहिला, कारण पाणी पावसाचं नव्हतंच. विमा कंपनीकडे दावा लावायचा विचार होता, तर पॉलिसीत रॅकूननं केलेलं नुकसान नाव घेऊन वगळलेलं. इथल्या बऱ्याच पॉलिसींत असं असतं. घर घेतानाच ते पान वाचून ठेवावं.

बंदिस्तीत माझा आग्रह एकाच गोष्टीचा होता. घराला डावी बाजू असते तशी उजवीही असते. वाढीव स्वयंपाकघराचं छप्पर दोन ठिकाणी वळचणीला भिडत होतं, आणि दुसऱ्या टोकाची पट्टी अजून धड होती एवढंच. एक दार बंद झालं की ती दुसरं शोधणार हे उघड आहे. म्हणून दोन्ही सांध्यांवर १६ गेजची, जस्ताचा थर दिलेली, वेल्ड केलेली जाळी वाकवून बसवली आणि वॉशर घालून स्क्रूनं आवळली. स्टेपलनं ठोकलेली जाळी ती बोटांनी उपसते, फोम तर केकसारखा खाते. छपरावरच्या प्लॅस्टिकच्या हवा-झरोक्यांवरही तीच जाळी. छपराला टेकलेली मेपलची फांदी कापली, पण ज्या घराला पन्हाळीची नळी आहे तिथे नुसती फांदी कापून काही होत नाही.

कचऱ्याबद्दल लोक फार बोलतात. टोरांटोनं २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे, फिरत्या खटक्याचे हिरवे डबे वाटले ते याच प्राण्यापायी. या घरचा डबा ठीकठाक होता. पण काकू रोज सकाळी मागच्या डेकच्या कठड्यावर भाताचा घास ठेवत, कावळ्या-चिमण्यांसाठी. दुपारपर्यंत उरलेलं रात्री कुणी खायचं हे सांगायला नको. २०२३ पासून टोरांटोत वन्यप्राण्यांना खाऊ घालायला बंदीच आहे. मुलाला आईला सांगायचा धीर होईना, म्हणून मी सांगितलं. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग घास कुणाला द्यायचा?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. घास ताटाशेजारी काढून नंतर झाकणाच्या डब्यात टाकायचा, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

मादी गेली ती शेजाऱ्यांच्या अंगणातल्या लाकडी शेडखाली. शेजारी वैतागून आले, "तुमची रॅकून आमच्याकडे पाठवलीत." त्यांना कायदा सांगितला, १ किलोमीटरची मर्यादा सांगितली, आणि शेडखालच्या पिल्लांपासून घराला काही नुकसान नाही हेही. शेडच्या खाली विजेची वायर नव्हती, मुलं त्या कोपऱ्यात खेळत नव्हती. तिथे थांबणं शक्य होतं आणि ते थांबले, याचं श्रेय त्यांना. ऑगस्टपर्यंत पिल्लं आईमागे हिंडू लागली होती, शेड रिकामी झाली. वर्तमानपत्राचा बोळा तीन रात्री जागचा हलला नाही. मग शेडभोवती फूटभर खोल चर खणून, खालून बाहेरच्या बाजूला एल आकारात वळवलेली जाळी पुरली. खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला.

या घराच्या चिमणीवर मात्र अजून टोपी नाही. फायरप्लेस वापरात नाही, त्यामुळे ते काम मागे पडलंय. रॅकून रिकाम्या चिमणीत, धूर अडवणाऱ्या झडपेवरच्या कट्ट्यावरही बाळंत होते, आणि तिथून पिल्लं काढणं माळ्यापेक्षा अवघड. जानेवारीच्या आधी टोपी बसवून घ्या, असं मी त्यांना लेखी दिलं आहे.